ऐकू येते, पन समजत नाई

मे महिन्यात आमच्याकडे दुपारचं बोलणं कूलरच्या मर्जीनं चालतं. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. पारा ४५ कडे सरकला की आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांची नऊ महिन्यांची पोर आणि सुटीत आलेला मी, असे सगळे एकाच खोलीत गोळा होतो. खिडकीला पत्र्याचा कूलर. मोटर जुनी, पातं कुठंतरी घासतं, ताट्यांवरून खाली पडणाऱ्या पाण्याचा आवाज आणखी वेगळा. ह्या घरघरीतच गप्पा होतात, भांडणं होतात, लग्नाच्या याद्या ठरतात. पुण्याहून आलेला पाहुणा पहिला दिवसभर "काय? काय म्हणालात?" करत बसतो. आमचं काही अडत नाही.

म्हणजे कूलर अक्षरं खात नाही असं नाही, चांगली खातो. मागे आईनं सांगितलेली लोणच्याची कृती मी ह्याच खोलीत मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. नंतर हेडफोन लावून ऐकली, तर कितीतरी शब्दांचे शेवट गायब. स, त, फ असले अक्षरांतले हलके गडी तर कुठल्या कुठे वाहून गेलेले. आणि गंमत म्हणजे समोर बसून ऐकताना मला एकही शब्द तुटका वाटला नव्हता.

रिचर्ड वॉरन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० साली हाच प्रकार प्रयोगशाळेत पकडला. एका इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दातून त्यानं ‘स’चा ध्वनी कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज चिकटवला. ऐकणाऱ्यांना ‘स’ गेल्याचं कळलंच नाही. खोकला नेमका वाक्यात कुठं होता तेही त्यांना धड सांगता येईना. पण कापलेल्या जागी खोकल्याऐवजी नुसती शांतता ठेवली, की फट लगेच जाणवते. गोंगाट असेल तर मेंदू धरून चालतो की अक्षर तिथं होतंच, आवाजाखाली दडलंय, आणि ते स्वतःच भरून टाकतो. शांतता असेल तर त्याला बहाणाच उरत नाही. गावात मोबाईलची रेंज तुटायला लागली की का वैताग येतो आणि कूलरच्या घरघरीत का येत नाही, ह्याचं उत्तर मला ह्यात सापडलं. फोनवर बोलण्याला भोकं पडतात. कूलर निदान भोकं बुजवतो तरी.

बाजार समितीत कापसाचा व्यापारी गाडीत हात घालून मूठभर कापूस उपसतो, बोटांत धागा ओढून बघतो आणि अख्ख्या गाडीचा भाव बोलतो. मेंदू बोलण्याचं तेच करतो. मूठभर आवाज हाताशी येतो, बाकीचं अंदाजानं. आणि भाव बहुतेक वेळा बरोबर निघतो. मेंदूचा म्हणतोय मी, व्यापाऱ्याचा नाही.

कानाकडे काम कमी आहे असं मात्र समजू नये. आत कॉक्लिया नावाची अडीच वेढ्यांची नळी आहे. तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी एका कानात साधारण १५ हजार. त्यांतल्या आतल्या रांगेतल्या सुमारे साडेतीन हजार पेशीच मेंदूकडे खरी बातमी पाठवतात, बाकीच्या आवाजाला नेट देतात. नळीच्या तोंडाशी बारीक, चढे आवाज टिपले जातात आणि आतल्या टोकाला जाड, खर्जातले. नळीत लाट कशी सरकते ते जॉर्ज फॉन बेकेशी ह्यांनी मेलेल्या माणसांचे कान तपासून शोधलं. १९६१ चं नोबेल त्यांना त्यावरच मिळालं. तोंडाशी चढे आवाज, एवढं मात्र लक्षात ठेवा. बाबांच्या वेळी लागेल.

पण ही नुसती वर्गवारी झाली. खरी अडचण पुढं आहे, आणि ती आपल्याला अडचण वाटतसुद्धा नाही. बोलण्यात शब्दांच्या मध्ये जागा नसते. लिहिताना आपण ती सोडतो, म्हणून वाटतं की बोलतानाही असेल. ‘काय करून रायला बे’ हे सगळं एका दमात, एकसंध बाहेर पडतं. उलट ‘पत्ता’ म्हणून बघा. त्त पाशी आवाज क्षणभर पुरता बंद होतो. म्हणजे फट आहे ती शब्दाच्या पोटात, आणि दोन शब्दांच्या मध्ये काहीच नाही. सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी असे अंगावर येत असतात आणि आपण पंख्याखाली पडून, डोळे मिटून, "हो ना" म्हणत असतो.

त्यात आपली भाषा म्हणजे बारीक नक्षीचं काम. पार, फार, बार, भार. चारही वेळा ओठ मिटतात आणि उघडतात. फरक कशात आहे? बराचसा वेळेत. ‘बार’ म्हणताना ओठ उघडायच्या आधीच गळ्यात कंप सुरू झालेला असतो. ‘पार’मध्ये ओठ उघडले की जवळजवळ लगेच. ‘फार’मध्ये (जुन्या पद्धतीनं, दोन्ही ओठ मिटून म्हटलेला फ) हवा आधी सुटते आणि कंप थोडा उशिरा येतो. हा सगळा हिशोब सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत चालतो. लिस्कर आणि एब्रमसन ह्या दोघांनी १९६४ साली ११ भाषांमधले असे ध्वनी मोजले आणि त्या ११ त मराठी होती. बाकी बहुतेक भाषांत त्यांची वेळेची मोजपट्टी छान चालली. हिंदी-मराठीपाशी अडली. ‘भार’मधला कंपसुद्धा ‘बार’सारखा आधीच सुरू होतो, वरून हवेचा झोत येतो तो वेगळा, नुसत्या वेळेवरून ब आणि भ सुटे होईनात. आपल्या भ नं प्रयोगशाळेतल्या मोजपट्टीची पंचाईत केली हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं. आमच्या घरातली पोर शाळेत पाऊल टाकायच्या आधी हे काम बिनचूक करायला लागेल.

‘च’चं तर आपण कधी कौतुकही करत नाही. ‘चार बैलांचा चारा’ म्हणा. पहिला च वेगळा आणि पुढचे दोन्ही वेगळे. लिपीत एकच अक्षर, पण कान कधी घोळ करत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही अपस्माराच्या रुग्णांवर एक काम झालं. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवलेलेच होते. तेवढ्यात त्यांना वाक्यं ऐकवली आणि कानाजवळच्या, मेंदूच्या बाजूच्या पाळीच्या वरच्या वळकटीत कोणती जागा कशाला जागी होते ते पाहिलं. तिथं अमुक जागा ‘क’ची, तमुक जागा ‘ट’ची असं काही निघालं नाही. एका जागेला सगळे अडवून सोडलेले ध्वनी चालत, दुसरीला सगळे घासत बाहेर पडणारे, तिसरीला नाकातले, आणखी काहींना स्वर. म्हणजे आपल्याकडच्या शिक्षाग्रंथांनी (उच्चारांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांनी) जे गट पाडले ते: स्पर्श, ऊष्म, अनुनासिक, स्वर. कंठ, तालू, मूर्धा ह्या उच्चारस्थानांचा भेद मात्र तिथं तेवढा ठळक दिसला नाही. आपल्या प्राचीनांना सगळं माहीत होतं वगैरे मी म्हणणार नाही, ते म्हणणारे गावोगाव आहेत. त्या लोकांनी मेंदू पाहिला नव्हता, त्यांनी तोंड पाहिलं. मन लावून पाहिलं, एवढंच.

आता वहिनी. वहिनी साताऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट घरात अजून सांगतात. चुलीवर दूध, आई अंगणात, तिथूनच ओरडली, "वो सूनबाई, दूध उतू जाऊन रायलं, पाय!" वहिनीनं दचकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिला वाटलं विंचू आहे. दूध गेलं ते गेलंच. तिचा कान ठणठणीत होता, मराठीही पक्की होती. मेंदूनं फक्त जवळचा, सवयीचा शब्द पुढं केला. पाहण्याला आमच्याकडे ‘पाय’ म्हणतात ही नोंद त्याच्या वहीत नव्हती.

महिन्याभरात तिला सगळं सुरळीत कळायला लागलं. आमच्याकडे ळ चा य होतो हे कुणी शिकवलं नाही, कुणी तसा तक्ता भिंतीवर लावला नाही. ‘काया’, ‘जवय’, ‘सकायी’, ‘डोया’ असे शब्द कानांवर पडत गेले, प्रसंगावरून कळत गेले आणि आतली हद्द सरकली. ह्यालाही पुरावा आहे. २००३ साली नॉरिस, मॅकक्वीन आणि कटलर ह्यांनी डच श्रोत्यांना ‘फ’ आणि ‘स’ ह्यांच्या मधला, धड हा नाही धड तो नाही असा ध्वनी ऐकवला. काहींना तो ‘फ’च असायला हवा अशा शब्दांत, काहींना ‘स’च असायला हवा अशा शब्दांत. थोड्याच वेळात पहिल्या गटाला तो ध्वनी एकटा ऐकवला तरी जास्त वेळा ‘फ’ वाटू लागला आणि दुसऱ्याला ‘स’. शब्द ओळखीचा असला की त्याच्या आधारानं कान स्वतःला दुरुस्त करून घेतो. वहिनी अजूनही स्वतः ‘जवळ’च म्हणते. ऐकते मात्र ‘जवय’.

हे मला कुणी शाळेत असताना सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. आमच्या वर्गावर एक गुरुजी होते, त्यांना ‘शाया’ खपत नसे. म्हणणाऱ्याला उभं करायचे. "शाळा म्हण." "शाया." "ळ म्हण." "ळ." "आता शाळा." "शाया." मग हातावर पट्टी. सुटा ळ आम्हाला बरोबर यायचा, शब्दात बसला की जीभ आपल्या वाटेनं जायची. गुरुजींचं म्हणणं, ह्यांना फरक ऐकूच येत नाही. पण आमची नक्कल करायला ते स्वतः "शाया" म्हणाले की सगळा वर्ग खो खो हसायचा. फरक ऐकू येत नसता तर हसलो कशाला असतो? अगदी लहान मुलांच्या बोबड्या बोलांबद्दल जीन बर्को आणि रॉजर ब्राउन ह्यांनी १९६० साली अशीच नोंद केलीय: इंग्रजी ‘फिश’ला ‘फिस’ म्हणणारं पोर, मोठ्यानं ‘फिस’ म्हटलं की चिडून नाही म्हणायचं. आमचं बोबडं नव्हतं, बोली होती. पण कान आणि जीभ ह्यांचे हिशोब वेगळे असतात हे दोन्हीकडे तेच. ‘ण’चं मात्र मी कबूल करतो. घरीदारी सगळीकडे ‘पानी’, त्यामुळे वहीत ण कुठं लिहायचा ते पाठच करावं लागे.

आमचं तर बरं, आम्ही मराठीतून मराठीत गेलो. इथून वर मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, कोरकू पोरं पहिलीत बसतात तेव्हा त्यांचा कान एका वेगळ्याच भाषाकुळावर घडलेला असतो. कोरकू मुंडा गटातली. यवतमाळकडची कोलामी आणि पूर्वेकडची गोंडी द्राविडी. मराठीचं धरून एका विदर्भात तीन भाषाकुळं नांदतात आणि ‘ह्या पोरांचं लक्षच नसतं’ हे वाक्य तिन्हींच्या वाट्याला येतं.

पोरीकडे वळतो, कारण सध्या घरात सगळ्यात मोठं काम तीच करतेय, आणि तेही पाळण्यात पडून. महिन्याभराच्या बाळांनाही ब आणि प वेगळे कळतात हे पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं. खरी कमाल जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्यांची, १९८४. कॅनडातल्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट सहज वेगळे ओळखत. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना ते बहुधा जमत नसे. दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेक बाळांचीही ती ओळख मावळली. घरात जो फरक लागत नाही तो मेंदू सोडून देतो आणि जो लागतो तो कोरून घेतो.

आमची पोर नेमकी ह्या उंबऱ्यावर आहे. वहिनी तिला विचारते, "डोळे कुठं आहेत?" आई विचारते, "डोये कुठी हायेत वो माह्या बाईचे, डोयेऽऽ?" पोर दोघींना सारखेच डोळे मिचकावून दाखवते. आईचा आवाज त्या वेळी एकदम चढा, स्वर हातभर लांब. शेजारची म्हातारी तिला हसते. पण लहान लेकरांशी बोलताना अमेरिका, रशिया आणि स्वीडन ह्या तिन्ही देशांतल्या आया स्वर असेच ताणतात, हे पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मोजून दाखवलंय. ताणलेले स्वर एकमेकांपासून लांब पडतात, ओळखायला सोपे जातात.

ह्याच कूलबाईंचा पुढचा प्रयोग मी वहिनीला मुद्दाम सांगितला. २००३ साली त्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना १२ बैठकांत चिनी बोलणारी माणसं भेटवली. खेळणी, पुस्तकं, गप्पा. त्या बाळांना चिनीतला एक अवघड फरक छान कळू लागला. तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीच्या पडद्यावरून ऐकवलं तेव्हा काही म्हणजे काही शिरलं नाही. दुपारी पोर रडली की दादा तिच्यापुढं मोबाईल धरतो, त्यावर हे औषध. दादानं ऐकून घेतलं आणि मोबाईल वहिनीकडे दिला. आता ती धरते. आईची बडबड मात्र अखंड चालू आहे, त्यामुळे मला फार चिंता नाही.

बाबांचं वय ७८. आयुष्यभर हरभरा आणि तूर काढताना थ्रेशरच्या तोंडाशी उभे राहिलेले, कुटाराच्या धुळीत, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. कॉक्लियाच्या तोंडाशी चढे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात हे मघाशी सांगितलं. वयानं आणि गोंगाटानं आधी त्याच झडतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि दमदार, ते शाबूत पोचतात. स, श, च, त, थ बारीक आणि हलके, ते वाटेतच गळतात. नेमका अर्थ मात्र व्यंजनांवर उभा असतो. म्हणून घरोघरी तीच तक्रार. मी बाबांच्या कानाशी ओरडलो तेव्हा ते वैतागून म्हणाले, "अबे, आरडू नोको. ऐकू येते मले, पन समजत नाई." डॉक्टरांनी नंतर आलेख काढून जे समजावलं ते ह्याहून काही वेगळं नव्हतं. ओरडल्यानं स्वर आणखी मोठे होतात. गळालेली व्यंजनं काही परत येत नाहीत.

एके काळी हाच माणूस बाजार समितीत हर्रास चालू असताना, हमालांच्या, मापाऱ्यांच्या, ट्रॅक्टरच्या कल्लोळात कुणी लांबून हलकेच नाव घेतलं तरी वळून बघायचा. कॉलिन चेरी ह्यांनी १९५३ मध्ये ह्याच कौशल्याचा अभ्यास सुरू केला: अनेक आवाजांतून माणूस एकच कसा धरतो. त्यात दोन कानांचा मोठा वाटा. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो, आणि तेवढ्या उशिरावरून मेंदू दिशा काढतो. आता बाबांना दिशा लागते, पण गर्दीतून आवाज सुटा करता येत नाही. कूलर त्यांच्यासाठी नुसता गोंगाट उरलाय. भरून काढायला मूठभर तरी माल हाताशी लागतो. इथं मूठच रिकामी. दिवसभर अंदाज बांधून मेंदू थकतो. संध्याकाळी ते गप्प बसतात आणि लोक म्हणतात, म्हातारा चिडचिडा झाला.

अमरावतीहून कानाचं यंत्र आणलं. पंधरा दिवस डबीत. "हे कूलरबी मोठा करते" ही त्यांची तक्रार, आणि ती रास्त आहे. मेंदूला कित्येक वर्षं न ऐकलेली अक्षरं एकदम ऐकू यायला लागली की ती त्याला खरखर वाटतात. सवय व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून रोज थोडा वेळ, कूलर बंद करून, ओट्यावर, एकाच माणसाशी बोलायचं असं ठरवलंय. तोंड उजेडाकडे करून. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड ह्यांनी १९७६ साली दाखवलं होतं की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांसमोरचे ओठ ‘गा’ म्हणत असतील, तर बहुतेकांना ‘दा’ ऐकू येतं. डोळाही ऐकत असतो. बाबा हल्ली समोरच्याच्या ओठांकडे बघूनच बोलणं धरतात. आईचं त्यांना जवळजवळ सगळं समजतं, माझं बरंच. दादाचं काही म्हणजे काही समजत नाही, आणि दादाचं म्हणणं, बाबा मुद्दाम करतात.

परवा ओट्यावर दादा त्यांना कर्जाच्या कागदाचं काहीतरी समजावून सांगत होता. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेला, शब्द नाकातून. बाबांनी यंत्राची कळ खालीवर करून पाहिली, मग हात वर करून त्याला थांबवलं. "पयले तोंडातला खर्रा थुक," ते म्हणाले, "मंग बोल."